पाच हजार तीनशे अक्षरांत आई

मानवी हात हे विधात्याचं महाकाव्य आहे, आणि माझ्या आईचे हात हा त्यातला सर्वांत करुण सर्ग!

"सर्ग काढ," कर्टिसच्या आई मार्लिसबाई म्हणाल्या. "दोनशे अकरा अक्षरं जास्त झालीत म्हणतोस ना?"

कर्टिसने सर्ग काढला. मेडिकल कॉलेजच्या अर्जासोबत 'मला डॉक्टर का व्हायचंय' हा निबंध द्यावा लागतो. मर्यादा पाच हजार तीनशे अक्षरांची, आणि त्यात शब्दांमधल्या रिकाम्या जागाही मोजतात. पहिल्या वर्षी त्याने विज्ञानावरच्या प्रेमाबद्दल लिहिलं, तेव्हा बारा कॉलेजांनी नकार कळवला. दुसऱ्या वर्षी हॉकीत मोडलेल्या घोट्यावर लिहिलं, तेव्हा पंधरांनी. शेवटी प्रवेशाचं मार्गदर्शन करणाऱ्या सल्लागारबाईंनी सांगितलं, "वाचणाऱ्याला जखम दिसली पाहिजे. घरात काही नाही का?"

घरात होतं. मिनिआपोलिसहून अडीच तास गाडी हाकत तो ड्युलुथला आला, तो आईचा कंपवात न्यायला. चौथा अर्ज करायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

मार्लिसबाईंनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. मांडीवर फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी आणि हातात लाल पेन घेऊन त्या वाचत होत्या. लाल रेघ सरळ निघायची आणि वाटेत नागमोडी व्हायची.

"'दहाव्या वर्षी आईचे थरथरते हात पाहून मी निश्चय केला.' अरे, तू दहा वर्षांचा होतास तेव्हा ह्याच हातांनी मी तुझी सायकल दुरुस्त केली होती. हे दुखणं आलं तू एकोणीसचा असताना."

"एकोणिसाव्या वर्षीचा निश्चय उशिराचा वाटतो, आई."

"बरं. 'रोज सकाळी मी तिला गोळ्या देतो.' मिनिआपोलिसहून?"

"ते भावार्थाने घ्यायचं गं."

"गोळ्या भावार्थाने घेतल्या तर हात थांबतात का, ते डॉक्टर झालास की सांग." त्यांनी बरणी फडक्यात आवळून पाहिली, मग टेबलाच्या कडेवर दोनदा ठोकली. "आणि हे काय? 'निदान ऐकून आई माझ्या खांद्यावर कोसळून रडली.' मी रडले नाही. मी पार्किंगची पावती शोधत होते. हा अख्खा प्रसंग काढ, दोनशे सहज वाचतील."

कर्टिसचा चेहरा पडला. "सल्लागारबाई म्हणाल्या, सगळ्यात चांगलं तेच आहे."

मार्लिसबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांचा घोडा, पण शाळेत निकालाच्या दिवशी दिसायचा तसाच दिसत होता.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "प्रवेश मिळत असेल तर रडते मी."

मग दुसरं काय काढायचं? पेन पानभर थरथरत फिरलं आणि 'आईने एकतीस वर्षं शाळेत शिकवलं' ह्या ओळीपासून सुरू होणाऱ्या परिच्छेदावर थांबलं. त्यांनी तो अख्खा खोडला. निबंधात खरं असं तेवढंच होतं. अक्षरं बरोब्बर बसली.

शेवटचं वाक्य कर्टिसने स्वतःच मोठ्याने वाचलं, कारण ते त्याला फार आवडलं होतं. "रुग्णाने तोंड उघडण्याआधीच त्याची अडचण ओळखायला मला आईच्या हातांनी शिकवलं."

"छान," मार्लिसबाई म्हणाल्या.

त्याने बटण दाबलं. अर्ज गेला. आता वर्षभर वाट पाहण्याखेरीज दोघांच्याही हातात काही नव्हतं.

"कर्टिस," मार्लिसबाई म्हणाल्या, "आता ही बरणी तेवढी उघडून दे. तू आल्यापासून घेऊन बसलेय."