राहिलेलं नाव

शिंपिणीने कॉलरवरची इस्त्री उचलून उभी केली. दारात पाळकसाहेब होते.

"सहज आलो," ते म्हणाले.

सहज! लढाई सुरू झाल्यापासून पाळक कुणाकडे सहज जात नव्हते. बातमी आली की लष्कराचा माणूस आधी चर्चमध्ये जाई आणि मग पाळकसाहेब त्या घराची पायरी चढत. ते रस्त्याने निघाले की बायका पडद्याआडून बघत. इतक्या भल्या माणसाच्या वाट्याला हे यायला नको होतं, पण आलं होतं खरं.

तिने त्यांना बसा म्हटलं नाही. उभा माणूस लवकर बोलून मोकळा होतो, असा तिचा हिशेब. पण त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली, पाणी मागून घेतलं आणि मशीनचा पट्टा अजून निसटतो का, अशी चौकशी केली. आता यांना पट्ट्याचं काय पडलं होतं?

शेवटी तिनेच विषय काढला. बारक्याचं काही कळलं का? बारक्या म्हणजे तिचा सहा फुटी, एकुलता एक मुलगा, चार महिने आघाडीवर असलेला. काहीच कळलं नाही, असं पाळकसाहेब म्हणाले, पण तिच्याकडे न बघता. जाताना मात्र दारात थांबले आणि तिच्याकडे बघत राहिले.

"ताई, आज प्रार्थनेला आमच्या हिच्याशेजारी बसाल?"

चर्चच्या मंडळीत ही रीतच होती. ज्या आईला वाईट बातमी सांगायची, तिला प्रार्थनेला पाळकीणबाईंच्या शेजारी बसवत. सावरायला कुणीतरी लागतं ना. बेकरीवाल्याच्या बायकोला असंच बसवलं होतं.

"बघते," ती म्हणाली आणि इस्त्री पुन्हा कॉलरवर टेकवली. ती कधीच गार झाली होती.

संध्याकाळी ती गेली, पण मुद्दाम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. पाळकीणबाई तिची जुनी मैत्रीण. त्यांनी पुढून हात करून बोलावलं, शेजारची जागाही थोपटून दाखवली. इकडे वारा बरा लागतो, असं हिने खुणेनेच सांगितलं. वारा कसला, पानही हलत नव्हतं. माझ्याशी दोन शब्द न बोलता तीही यात सामील, असं शिंपिणीला वाटलं आणि पहिल्यांदाच त्या मैत्रिणीचा राग आला.

पाळकसाहेबांच्या बोलण्यावर तिचा आता विश्वास नव्हता, त्यांच्या प्रार्थनेवर मात्र होता. या मंडळीत गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नसत. ते देवाच्या हाती पोचले, आता मागायचं ते मागे राहिलेल्यांसाठी. म्हणून ज्याचं नाव गळलं तो गेला, हे सगळ्यांना कळे. आणि देवासमोर खोटं बोलण्यातले पाळकसाहेब नव्हते.

सगळ्यांनी डोळे मिटले. शिंपिणीने उघडेच ठेवले.

त्यांनी घरंदारं सोडून आलेल्यांसाठी मागितलं, जखमींसाठी मागितलं. मग आघाडीपलीकडच्या आयांच्या मुलांसाठी मागितलं, तेव्हा नेहमीप्रमाणे कुणीतरी मुद्दाम खाकरलं. मग नावं सुरू झाली. टपालवाल्याचा धाकटा. सुताराचे दोघे. नर्सबाईंचा नातू. पाळकसाहेबांचा आवाज आज बसला होता, एकेका नावापाशी अडखळत होता. तिने समोरच्या बाकाची कड घट्ट धरली.

"आणि आमच्या बारक्याला, प्रभू, तुझ्या पंखांखाली ठेव."

तिचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. बाप्तिस्म्याचं नाव कशाला, देव त्याला बारक्या म्हणूनच ओळखतो, असं तिनेच मागे ठणकावून सांगितलं होतं. आहे! माझा आहे! भल्या माणसावर उगाच संशय घेतला, असंही वाटून गेलं.

"आमेन," पाळकसाहेब म्हणाले.

माणसं उठू लागली, बाक सरकले. तेवढ्यात पाळकीणबाईंचा आवाज आला, जरासा हसरा, नवऱ्याची चूक काढतानाचा.

"अहो, आपल्या दादूचं राहिलं की."

दादूचं नाव नेहमी शेवटी असे. आधी लोकांची मुलं, मग आपला, हा पाळकसाहेबांचा शिरस्ता. शिंपिणीच्या तर ते राहिल्याचं ध्यानातही आलं नव्हतं. बारक्यानंतरचं तिला काही ऐकूच आलं नव्हतं.

पाळकसाहेब बायकोकडे बघत नव्हते. ते शेवटच्या बाकाकडे बघत होते, दुपारी दारात थांबून बघितलं होतं तसेच.

उठलेली माणसं जागच्या जागी थांबली. शिंपीण कशीबशी त्यांच्यातून वाट काढत पुढे गेली आणि त्या रिकाम्या जागेवर बसली. तिने मैत्रिणीचा हात हातात घेतला.

"आलीस का?" पाळकीणबाई पुटपुटल्या. "थांब जरा, एक नाव राहिलंय." आणि त्यांनी डोळे पुन्हा मिटून घेतले.