खंडेनवमीचा हार

महेंद्र सरांचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या आमच्या मसाला पॅकिंगच्या कारखान्यात ते मॅनेजर म्हणून आले आणि आल्या आल्या त्यांनी शीलाताईचं लाईन लीडरचं काम काढून घेतलं. का, तर ती बायकांशी फार बोलते. "लाईनवर तोंड बंद, हात चालू," असं त्यांनी आम्हाला ओळीत उभं करून बजावलं.

आता शीलाताई बोलायची ते काय? "अक्षदा, डावीकडचा रोल संपतोय बघ." "माया, पाठ भरली असेल तर बस जरा." तिच्या त्या बोलण्यावरच तर लाईन चालायची. सरांनी तिला पार टोकाला खोक्यांना टेप मारायला बसवलं आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. रोल संपला तरी गप्प, पाकीट फाटलं तरी गप्प. ज्याला पगार बघण्याचा मिळतो त्याने बघावं. माल परत यायला लागला तेव्हा माजिवड्याच्या हेड ऑफिसने सरांना झापलं, की तुमच्या माणसांचं कामात मन नाही.

म्हणून यंदा खंडेनवमीला सरांनी थाट केला. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट, छातीवर 'आपलं कुटुंब'. हेड ऑफिसच्या मॅडम आल्या. मशीनची पूजा झाली, आरती झाली. आमच्याकडे पूजेनंतर दसरा होईस्तोवर मशीनला हात लावत नाहीत, त्यालाही विश्रांती. पण सरांना मॅडमसाठी व्हिडिओ हवा होता.

"चला, मशीन चालू करा. सगळ्या हसत हसत."

कोणी हललं नाही.

"शीला, तू कर."

"मी लीडर नाही आता, सर," ती शांतपणे म्हणाली.

सरांनी दात-ओठ खात स्वतःच बटण दाबलं.

झेंडूच्या हाराचं टोक रोलरपाशी लोंबत होतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. शीलाताईचा हात सवयीने मशीन थांबवायच्या लाल बटणाकडे गेला, तो मी मनगटाशी घट्ट धरला. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. हार आत ओढला गेला, पट्टा करकरला, जळका वास आला आणि मशीन बंद पडलं.

"एवढ्या जणींत एकीलाही दिसलं नाही?" मॅडमनी विचारलं.

"दिसलं ना," मी म्हणाले. "पण लाईनवर बोलायचं नाही, असा सरांचा नियम आहे."

मॅडमनी सरांकडे बघितलं. सरांनी कपाळ पुसलं आणि ते शीलाताईकडे वळले.

"शीलाताई, जरा बघून सांगता का, काय झालंय?"

ताई! आम्ही सगळ्यांनी ऐकलं. शीलाताईने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं.

"सांगते की," ती म्हणाली. "आधी मॅडमसमोर सांगा सर, बोललं तर चालेल ना?"