पेंग्विनचं तिकीट

अमेरिकेतल्या पोराबाळांची निरागसता सात माणसांच्या हाती सुखरूप होती. ही सात माणसं लॉस एंजलिसच्या वॅन नाइस भागात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बसायची. खालून ड्रिलचा आवाज आला की पडद्यावरचा खून जास्तच हिंसक वाटायचा. नियमांत ड्रिलची वजावट करायची सोय नव्हती.

कुठला चित्रपट सगळ्यांनी पाहावा, कुठला पोरांनी आईबापांच्या सोबतीनं पाहावा आणि कुठला मोठं झाल्याशिवाय पाहूच नये, हे मंडळ ठरवायचं. सभासद व्हायला सिनेमातलं काही कळण्याची अट नव्हती. घरात वाढतं पोर असलं की झालं. पोर शिकून घराबाहेर पडलं की सभासदत्व संपलं. त्यामुळे पाच मुलांचा बाप असलेल्या ड्वाइट ऑल्मस्टेडची खुर्ची भक्कम होती. त्याचं धाकटं अजून पाळण्यात होतं आणि सहाव्याची बातमी होती. नॉरीन हॅगर्टीला एकच मुलगी, बेथनी, पंधरा वर्षांची. सभासदांची नावं गुप्त असल्यामुळे बेथनीची समजूत अशी होती, की आपली आई विम्याच्या कचेरीत आहे आणि म्हणून तिला सगळीकडे अपघात दिसतात.

नॉरीन पूर्वी ग्रंथपाल होती. आता ती अंधारात स्वेटर विणत चित्रपट बघायची. कॅलिफोर्नियात स्वेटर कशाला, हे तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सहा वर्षांत तिनं इतके खून पाहिले होते, की चाकू वर गेला तरी तिचा टाका चुकत नसे. भयपटांचे तेव्हा फारच वाईट दिवस होते. एक खुनी सातव्या भागात बर्फात गोठला होता, आठव्यात वितळला होता आणि नवव्यात नक्की काय झालं हे सातही सभासदांपैकी कोणाला सांगता आलं नव्हतं, कारण सातही जण झोपले होते. असले चित्रपट थिएटरला न जाता थेट व्हिडिओच्या दुकानात जात आणि तिथं धूळ खात.

ऑगस्टमध्ये ‘वरच्या मजल्यावर नको’ आला. नॉरीननं सुया काढल्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांत तिचा टाका चुकला.

गोष्ट जुनीच होती. गाव, शाळकरी पोरंपोरी, मधमाश्या पाळणाऱ्यांची जाळीची टोपी घालून हिंडणारा खुनी. फरक एवढाच, की या पोरांनी असले चित्रपट पाहिलेले होते. सगळे, नवव्या भागासकट. कोण कधी मरतं, कोणी कुठं जायचं नसतं, यावर ती पिझ्झा खात वाद घालत. दिवे जातात तेव्हा रोझी नावाची पोरगी सरळ सांगते, “मी वर जाणार नाही. वर गेलेल्या पोरींचं काय होतं, मला माहितेय. तळघरात तर मुळीच नाही.” मग प्रेक्षक पंधरा वर्षं बोंबलून जे सांगत आले ते सगळं ती करते. बाहेर पडते. गाडीपाशी जाते. बसण्याआधी मागची सीट बघते. सीट रिकामी. आत बसते, दारं लावून घेते, सुस्कारा सोडते. आणि तिच्यामागं त्या रिकाम्या सीटची पाठ हळूच पुढं दुमडते. कारण ते चित्रपट खुन्यानंही पाहिलेले असतात, आणि तो डिकीत बसलेला असतो.

नॉरीनला भीती वाटली, हसू आलं आणि पुन्हा भीती वाटली. तिन्ही गोष्टी एका मिनिटात होऊ शकतात हे ती विसरून गेली होती. बाहेर पडताना तिला एकच इच्छा झाली. हा चित्रपट भरलेल्या थिएटरात, पोरांच्या आरडाओरड्यात एकदा बघायचा. इथं मंडळात बघताना तोंडातून आवाज काढायला मनाई होती.

मतं पडली तेव्हा चार विरुद्ध तीननं ठरलं: फक्त प्रौढांसाठी. म्हणजे मेलाच. असल्या चित्रपटाची जाहिरात वर्तमानपत्रं घेत नसत आणि मॉलमधली थिएटरं त्याला दारात उभं करत नसत. तो थेट धुळीत जाणार होता.

“भयंकर आहे,” ड्वाइट म्हणाला. “पोरी मरतात ते मी समजू शकतो. पण इथं त्या हसत हसत मरतात.”

“त्या कुठं हसतात? आपण हसतो.”

“मी नाही हसलो.”

“तू खोकलास. तीनदा.”

“माझा घसा धरलाय, नॉरीन. घरात पाच पोरं आहेत, कोणाचं ना कोणाचं नाक वाहतंच.”

अध्यक्ष लिंडक्विस्ट हे शांत गृहस्थ होते. त्यांना पोराची अट लागू नव्हती आणि मतही नव्हतं. “मंडळी,” ते म्हणाले, “आपण समीक्षक नाही. आपण आईबाप आहोत. चित्रपट चांगला आहे की वाईट, हा आपला प्रश्न नाही.”

“चांगला आहे म्हणूनच तर अडलंय,” नॉरीन म्हणाली. “वाईट असता तर एव्हाना आपण झोपलो असतो.”

दिग्दर्शकानं चाकूचा एक वार काढला आणि चित्रपट परत पाठवला. चारास तीन. रक्त थोडं पुसलं, परत पाठवला. चारास तीन. गाडीतला प्रसंग मात्र तो काही केल्या कापेना. “त्यातली एक फ्रेम काढली तर उरलेल्या सगळ्या फेकून द्या,” असं त्यानं लिहून कळवलं होतं. अध्यक्षांना ते उद्धट वाटलं. नॉरीननं मनातल्या मनात त्याला स्वेटर देऊन टाकला.

ऑक्टोबरात चित्रपट पाचव्यांदा आला. वितरकानं सांगून टाकलं होतं: आता नाही झालं तर व्हिडिओ. नॉरीननं सुया आणल्याच नाहीत. ड्वाइट शेजारी हाताची घडी घालून बसला. पिझ्झाचा प्रसंग आला तेव्हा त्याचे ओठ हलताना दिसले. संवाद त्याला पाठ झाले होते. दिवे गेले, रोझी बाहेर पडली, गाडीपाशी आली, मागची सीट बघितली. खाली दातांच्या दवाखान्यात सुद्धा शांतता होती.

“डिकी!” ड्वाइट उभा राहून ओरडला. “अगं बाई, डिकी बघ की!”

रोझीनं डिकी बघितली नाही.

लिंडक्विस्टनी दिवे लावायला सांगितले. ड्वाइट तांबडालाल होऊन खाली बसला.

“सॉरी,” तो म्हणाला.

“ड्वाइट,” नॉरीन म्हणाली, “ती मरते हे तुला माहीत होतं.”

“होतं.”

“चार वेळा मेलीय तुझ्यासमोर.”

“मग? चार वेळा मेली म्हणून पाचव्यांदा सांगायचं नाही का?” तो चिडून म्हणाला. “काय पोरगी आहे ती! सगळं बरोबर करते. एवढी हुशार पोरगी माझ्या घरात एक नाही. आणि तो नालायक—” इथं तो थांबला, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते.

“सहा वर्षांत तू कोणाला वाचवायला उठला होतास?” नॉरीननं विचारलं. “आपण सगळे बसून वार मोजत होतो. नवव्या भागात तर मेलेलं कोण होतं तेही आठवत नाही. पोरं कशानं बिघडतात? तुला उभं करतो त्या चित्रपटानं, की आपल्याला झोप आणतो त्यानं?”



“आईबापांच्या सोबतीनं,” ड्वाइट शेवटी म्हणाला. “सतरापर्यंत सोबत पाहिजेच. एकट्यादुकट्यानं नाही. आणि थिएटरवाल्यांनी नीट तपासलं पाहिजे.”

चारास तीनचे तीनास चार झाले.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी बेथनीनं विचारलं, “मॉम, तो वरच्या मजल्याचा सिनेमा आहे ना, तू येतेस आमच्याबरोबर? तू असलीस तर सोडतात.”

“मुळीच नाही,” नॉरीन म्हणाली. “फार रक्तपात आहे म्हणे. तो पेंग्विनचा बघा.”

“मॉम, पेंग्विन? मी काय सहा वर्षांची आहे?”

“नाताळ आहे. पेंग्विन बघा.”

ती ‘म्हणे’ असं इतक्या सफाईनं म्हणाली, की तिचं तिलाच कौतुक वाटलं. बेथनीनं मैत्रिणींशी फोनवर काहीतरी बोलून घेतलं आणि फारच लवकर पेंग्विनला तयार झाली.

नॉरीननं पोरींना मॉलवर सोडलं, दूर गाडी लावली आणि स्वतःसाठी तिकीट काढायला परत आली. तिकिटाच्या खिडकीपुढं रांग होती. पुढं चामड्याचं जाकीट घातलेली, मिसरूड फुटलेली पाच पोरं होती.

“पेंग्विन. पाच,” त्यांतला एक घोगऱ्या आवाजात म्हणाला.

त्यांच्या पुढच्यांनीही पेंग्विनच घेतला होता. खिडकीतल्या बाईनं नॉरीनकडे न बघताच तिकीट फाडायला घेतलं.

“पेंग्विन नको,” नॉरीन म्हणाली. “दुसरा.”

बाईनं मान वर केली. “खरंच? आज तुम्ही पहिल्याच.”

‘वरच्या मजल्यावर नको’चं थिएटर खच्चून भरलेलं होतं. पायऱ्यांवरही पोरं बसली होती. त्यांच्या हातांतल्या पॉपकॉर्नच्या खोक्यांवर पेंग्विन होते. नॉरीन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्यावरचे दिवे गेले तेव्हा अख्खं थिएटर ओरडलं, “वर नको!” आणि रोझी म्हणाली, “मी वर जाणार नाही,” तेव्हा जो टाळ्यांचा कडकडाट झाला, तसा नॉरीननं लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. मग रोझी गाडीत बसली. सीट दुमडू लागली. तीनशे पोरं एकाच वेळी किंचाळली आणि लगेच हसली, आपण कसे फसलो म्हणून एकमेकांना गुद्दे घालत राहिली. पुढच्या बाजूला बेथनी डोक्यावर पॉपकॉर्नचं खोकं उलटं घालून त्यातल्या फटीतून बघत होती.

पाच वेळा पाहिलेला चित्रपट नॉरीननं तेव्हा पहिल्यांदा पाहिला. दिवे लागण्याआधी ती बाहेर सटकली.

पोरी गाडीपाशी आल्या तेव्हा अंधारून आलं होतं.

“कसा होता पेंग्विन?”

“गोड,” बेथनी म्हणाली. मैत्रिणींनीही गोड म्हणून सांगितलं. बेथनीनं बसण्याआधी काचेतून मागची सीट बघितली. मग ती घुटमळली.

“मॉम, डिकी उघड ना जरा.”

“कशाला गं?”

“उगाच.”

“मी आत्ताच उघडून बघितली,” नॉरीन म्हणाली. “बसा.”

बेथनीनं आईकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि बसली.

त्या हिवाळ्यानंतर प्रत्येक स्टुडिओनं आपले निवृत्त खुनी पुन्हा कामावर घेतले. जाळीची टोपी पोरं वर्षभर घालून हिंडत होती, आणि हुशार पोरगी मरते तरी आवडते, यावर लोक लेख लिहू लागले. नॉरीन ते सगळे वाचायची.

त्या नाताळात त्या मॉलमध्ये सगळ्यांत जास्त तिकिटं पेंग्विनची खपली. त्याचे आणखी तीन भाग निघाले.