डाव्या डोळ्यातला उजेड

उन्नतीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो कॉम्प्युटरवर उघडले तेव्हा नंदिनीला आधी रागच आला. अर्धे फोटो झकास होते आणि अर्धे पार वाया गेलेले. कुठे चेहरा पांढराफटक, कुठे मागची सजावट काळ्या अंधारात बुडालेली, कुठे सगळ्या पाहुण्यांचे डोळे लालभडक. लोकांच्या लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईने सख्ख्या भाचीच्या वाढदिवसाची अशी वाट लावावी!

इंदोरा वस्तीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत नंदिनीचा स्टुडिओ होता. मागे आई, दादा-वहिनी आणि उन्नती. वाढदिवसाच्या दिवशी ऐन वेळी कॅमेऱ्यावर बसवायचा मोठा फ्लॅश बंद पडला होता. केक समोर, पोरगी रडायच्या बेतात, म्हणून तिने कॅमेऱ्यातलाच छोटा फ्लॅश उघडला आणि पुढचे सगळे फोटो त्यावरच काढले. हा फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असतो. त्याचा उजेड सरळ डोळ्यात जातो आणि तसाच परत येतो, म्हणून बाहुल्या लाल दिसतात. त्यात नवल काही नव्हतं. लाल रंग पुसायचा की झालं.

ती एकेक चेहरा मोठा करून पुसत गेली. उन्नतीपाशी आली आणि थबकली. पोरीचा उजवा डोळा लाल होता. डावा पांढरा. नुसता पांढरा नाही, पिवळसर झाक असलेला, मांजरीच्या डोळ्यावर गाडीचा उजेड पडावा तसा. पुढच्या फोटोत दोन्ही डोळे लाल. त्याच्या पुढच्यात पुन्हा डावा पांढरा.

"हा कॅमेरा मले पागल करते," ती स्वतःशीच म्हणाली आणि कामाला लागली.

लेन्स पुसली, मग बदललीच. आपोआप ठरणाऱ्या सगळ्या गोष्टी बंद करून उजेड, वेग, रंग हाताने पक्के केले. कार्ड बदललं. आईला, मीराबाईंना, भिंतीपाशी उभं करून छोट्या फ्लॅशवर फोटो काढले. म्हातारीचे दोन्ही डोळे प्रत्येक फोटोत सारखेच लाल.

"किती काढतं वं?" मीराबाई वैतागल्या. "गॅसवर दूध हाय माहं."

दुसऱ्या दिवशी नंदिनी कॅमेरा घेऊन सीताबर्डीला बाबूलालकडे गेली. कॅमेरे दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने मोठ्या फ्लॅशचं गंजलेलं टोक घासून दिलं, कॅमेरा उघडून पाहिला, दुकानातल्या दुकानात बरेच फोटो काढले आणि सगळं तिच्यासमोर सरकवलं.

"फ्लॅशची तक्रार होती, गेली. कॅमेरा एकदम बरोबर आहे ताई. कशाले घाबरून राहिल्या?"

"मी कुठं घाबरली?" नंदिनी म्हणाली. पण परतीच्या वाटेवर ऑटोत बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण कॅमेऱ्याची पिशवी छातीशी घट्ट धरून बसलोय. कॅमेरा बिघडलेला निघावा म्हणून आपण देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते, आणि तो बिघडलेला नव्हता.

दुपारी वहिनी, प्रियदर्शनी, कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. उन्नती स्टुडिओत फरशीवर बसून एक रिकामा डबा बडवत होती. नंदिनीने पडदा ओढला. कॅमेऱ्याला हात लावला नाही. खिशातला मोबाइल काढला, त्याचा फ्लॅश लावला.

"उन्नू, इकडे पाह्य."

पोरगी समोर पाहून हसली. दोन्ही डोळे ठीक. नंदिनीचा जीव भांड्यात पडला. मग तिने डबा जरा बाजूला सरकवला, पोरीची नजर डब्याबरोबर वळली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.

डावा डोळा पांढरा.

तिने पुन्हा काढला. पुन्हा पांढरा. पोरगी समोर बघत असली की ते दिसत नव्हतं, नजर तिरपी गेली की हटकून दिसायचं. म्हणजे वाढदिवसाच्या फोटोंत जे मधूनच दिसत होतं, मधूनच नाहीसं होत होतं, ते फ्लॅशमुळे नव्हतंच. पोरीच्या नजरेप्रमाणे ते बदलत होतं. ते पोरीच्या डोळ्यात होतं.

नंदिनीने मोबाइलवरच शोधलं. लहान मूल, फोटो, एका डोळ्यात पांढरं. उत्तरातली पहिली ओळ तिने वाचली आणि मोबाइल उलटा करून ठेवला.   उन्नती डबा बडवतच होती आणि तो आवाज नंदिनीला सहन होईना.

संध्याकाळी दादा, धम्मदीप, उमरेडहून आला. तिथल्या कोळसा खाणीत तो इलेक्ट्रिशियन होता. बसच्या प्रवासाने दमून तो चहा घेऊन खुर्चीत टेकला तेव्हा नंदिनीने मोबाइल त्याच्या हातात दिला. 

"दादा, हिचा डोळा दाखवा लागते. उद्याच."

त्याने फोटो पाहिले. कप खाली ठेवला. "फोटोत असं येत राहते. तूच नाई का सांगत, फ्लॅशनं डोळे लाल होतात म्हणून?"

"लाल होतात दादा. पांढरे नाई होत."

"मंग कॅमेरा खराब असन."

"हा मोबाइल हाय. कॅमेरा बाबूलालनं पाहिला. काई नाई झालं त्याले."

"नंदे, तू डॉक्टर हायेस का?" तो एकदम ओरडला. लेक दचकली आणि रडायला लागली. मीराबाई पदराला हात पुसत दारात आल्या. "काहून ओरडून राहिला गा लेकरापुढं?"

  त्यांच्या मागून वहिनी पुढे आली. तिने उन्नतीला उचलून खांद्यावर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून हळूच बोलली.

"मी पाहिलं होतं."

कोणालाच काही समजलं नाही.

"दूध पाजताना. खोलीत अंधार असला अन् दारातून उजेड आला का तिचा डोळा चमके. लय दिवस झाले." तिने पोरीला आणखी घट्ट धरलं. "मले वाटलं, मलेच भास होऊन राहिले. सांगितलं तं खरं होईन असं वाटे. म्हणून नाई सांगितलं."

नंदिनी उठली आणि तिने वहिनीला, पोरीसकट, धरलं.  आपल्या दोघींना एकाच घरात, एकाच गोष्टीची भीती वाटत होती आणि दोघीही ती लपवत होत्या, हे नंदिनीला फार लागलं. धम्मदीप मान खाली घालून बसला होता. मग म्हणाला, "उद्या मी कामावर नाई जात."

धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई शांत होत्या. त्यांनी उन्नतीच्या डोळ्यात थेंब टाकायला सांगितले आणि बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बाहेर बसवलं. ती वाट पाहणं नंदिनीच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाट पाहणं होतं. पोरीला काहीच दुखत नव्हतं. ती बाकावर उभी राहून शेजारच्या बाईच्या बांगड्या ओढत होती. इतकं हसरं लेकरू आजारी कसं असेल, असं मनात यायचं आणि लगेच त्या मांजरीच्या डोळ्याची आठवण व्हायची.

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली.

"डाव्या डोळ्यात आत, पडद्यावर गाठ आहे. कॅन्सरची असावी असं दिसतंय. मी तुम्हाला आजच मोठ्या दवाखान्यात पाठवते. उशीर करायचा नाही."

"डोळा वाचन ना?" धम्मदीपने विचारलं.

"आधी मुलगी वाचवायची," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही. "गाठ मोठी आहे. बहुतेक डोळा काढावा लागेल. पण ती डोळ्याबाहेर गेली नसेल तर ही मुलं बरी होतात, मोठी होतात. उजवा डोळा मला स्वच्छ दिसतोय."

वहिनी रडली नाही. तिने फक्त उन्नतीचं तोंड आपल्या मानेत लपवलं. बाहेर आल्यावर धम्मदीप मात्र रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला. मग बहिणीचा हात धरून म्हणाला, "मी तुह्यावर ओरडलो वं."

"राहू दे दादा."

ऑपरेशनच्या दिवशी उन्नतीला आत नेताना ती आईकडे हात पसरून ओरडत होती. दार मिटलं तरी तो आवाज नंदिनीच्या कानातून गेला नाही. ऑपरेशन नीट झालं. पण खरी भीती नंतरच होती. काढलेला डोळा तपासायला गेला होता. गाठ मागच्या नसेत शिरली आहे का, हे त्यावरून कळणार होतं. त्या दिवसांत घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. फोन वाजला की मीराबाई उठून दुसऱ्या खोलीत जायच्या. नंदिनीने एका लग्नाचं काम मैत्रिणीकडे, जयाकडे, सोपवलं. आपल्याच्याने कोणाच्या आनंदाकडे बघवणार नाही, हे तिला माहीत होतं.

फोन आला तेव्हा वहिनी पोळ्या लाटत होती. तो धम्मदीपने घेतला. बराच वेळ नुसता "हो, हो" करत राहिला. मग फोन ठेवून म्हणाला, "नस साफ हाय. काई उरलं नाई."

वहिनी तिथेच, पिठाच्या हातांनी, खाली बसली. तवा जळायला लागला तरी कोणाला सुचलं नाही.

पुढे उन्नतीला खोटा डोळा बसवला. तो इतका हुबेहूब होता की नवख्याला कळायचं नाही. उजवा डोळा तपासायला दर थोड्या महिन्यांनी जावं लागतं. तारीख जवळ आली की घर पुन्हा गप्प होतं आणि डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले की पुन्हा बोलू लागतं. भीती गेली असं कोणी म्हणत नाही. ती घरात एका कोपऱ्यात राहते, आणि सगळे तिच्या आजूबाजूने वावरायला शिकलेत.

उन्नती आता धावते. डावीकडच्या वस्तूंना धडकते, चिडते, त्यांना चापट मारते आणि पुढे जाते. बाजारात निघाले की घरातलं कोणीतरी, न सांगता, तिच्या डाव्या बाजूने चालू लागतं.