वरच्या गल्लीचा उतार

वरच्या गल्लीला वरची का म्हणतात, हे कुणी विचारू नये. तिथे ना टेकडी, ना चढ. माणसांची नाकं तेवढी वर. पण नगरपालिकेच्या जुन्या नकाशावर कुण्या भल्या माणसानं नुसत्या नावावर भरवसा ठेवून ती खालच्या गल्लीपेक्षा हातभर उंच दाखवली होती. तक्रारवहीत तिथली एकही तक्रार नाही, म्हणून पुढे मोजायलाही कुणी फिरकलं नाही.

पावसाळी गटारांचा नवा आराखडा करणारी इंजिनीअरही फिरकली नव्हती, आणि तिची तर सख्खी आत्या तिथे राहायची! खालच्या गल्लीचं पाणी ऐसपैस गटारातून वरच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आणायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळानं ओढ्यात सोडायचं, असा तिचा बेत. नळ लहान होता. पण जास्तीचं पाणी कोपऱ्यावर तुंबेल, वर थोडंच चढणार आहे?

आराखड्यावरच्या हरकतींच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी ती आत्याकडे चहाला गेली. साखरेचा डबा काढायला वाकली, तर कपाट विटांवर. पलंग विटांवर. फ्रीजसुद्धा!

"आत्या, हे काय गं?"

"केर काढायला बरं पडतं."

"फ्रीजखालचा?"

"तू चहा पी."

भाचीनं चहा अर्धा टाकला, ऑफिसातून माणसं आणि लेव्हलचं यंत्र आणून दोन्ही गल्ल्या मोजल्या. वरची गल्ली चांगली दीड हात खाली निघाली. गुडघे धरून चालणारी एकटी आत्या, आणि आपण तिच्या दारात अख्ख्या खालच्या गल्लीचं पाणी आणून सोडणार होतो!

नगरपालिकेतल्या तिच्या साहेबांनी आकडे बघितले आणि डोकं खाजवलं. "बाई, आत्यासाठी आराखडा फिरवला म्हणतील लोक. वहीत एक तरी तक्रार दाखवा."

म्हणून ती पुन्हा आत्याच्या दारात. पण आत्या कसली ऐकते! खालच्या गल्लीत तिची विहीण राहायची, आणि गेली बावीस वर्षं दर पावसाळ्यात आत्या तिला फोन करून मुद्दाम विचारायची, "काय विहीणबाई, पोहायला शिकलात का?" आता कुठल्या तोंडानं तक्रार लिहायची?

"आत्या, नवं गटार झालं की दोन विटा पुरायच्या नाहीत. पलंगावर पाणी येईल गं."

"माळ्यावर झोपेन."

"या गुडघ्यांनी?"

आत्या कपबशा विसळू लागली. भाचीला रडूच आलं. "उद्या नाही बोललीस तर आराखडा मंजूर होईल. मग माझ्याही हातात काही नाही," एवढं सांगून ती निघाली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात पुढच्याच खुर्चीवर विहीणबाई ऐटीत बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, "वरच्या गल्लीची काही हरकत?" वरच्या गल्लीचे सगळे छताकडे बघू लागले. भाचीनं मान खाली घातली. साहेब शिक्का उचलणार, तोच मागून आवाज आला.

"आमच्याकडे पाणी शिरतं."

आत्या उभी होती, गुडघा धरून, लालबुंद. "बावीस वर्षं शिरतंय. घ्या लिहून."

विहीणबाई सावकाश वळल्या. "ठाऊक आहे हो मला."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पाऊस झाला की माझी दारातली चप्पल तुमच्या गल्लीकडे वाहत जाते. परत एकही आली नाही. म्हटलं, बघू या कधी कबूल होतात!"

सभागृहात हशा पिकला. आत्यानं पिशवीत हात घातला आणि तीन चपला काढून टेबलावर मांडल्या, स्वच्छ धुतलेल्या. "फेकवल्या नाहीत. आणि परत द्यायच्या तर सांगावं लागलं असतं."

विहीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "तिन्ही डाव्या पायाच्या? आणि उजव्या घेऊन मी घरी बसलेय!"

मग वरच्या गल्लीचे हात एकेक करून वर आले, मघाशी छताकडे बघणाऱ्यांचेच. साहेबांनी शिक्का खाली ठेवला आणि आराखडा दुरुस्तीसाठी भाचीकडे सरकवला.

तिनं डोळे पुसत वही उघडली आणि वरच्या गल्लीची पहिली तक्रार लिहिली. नाव आत्याचं. उतार, खालच्या गल्लीकडून वरच्या गल्लीकडे. पुरावा, चपला तीन.

"चार लिही," आत्या पुटपुटली. "एक माझ्या पायात आहे."