झेला स्टिडमची तारीख

"तुझ्या त्या कंप्युटरात जगातली सगळी मेलेली माणसं आहेत," मामॉ म्हणायची, "माझी आईच तेवढी नाही होय गं?"

मामॉ म्हणजे माझी सासू, डेल्फिया. आमच्याकडे आजीला मामॉ म्हणतात; मला पोरं झाली आणि ती सगळ्या घराचीच मामॉ झाली. तिचा मुलगा, म्हणजे माझा नवरा हार्लन, तोही तिला आई म्हणायचं विसरला. वय चौऱ्याऐंशी, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

मी दर बुधवारी कचेरीच्या तळघरात बसते. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जुन्या नोंदी तिथे असतात. ओहायो-मिशिगनकडून माणसं येतात, ज्यांचे आजे कधीकाळी आमचे डोंगर सोडून कारखान्यात गेले. आजोबा कधी वारले, कशाने वारले, कुठे पुरले, ते शोधून द्या म्हणतात. दर दुसऱ्याला वाटतं आपण राजघराण्यातले निघणार. निघतात कोण, तर दारू गाळणारे! मग तोंड पाडून बसतात आणि मी त्यांना कॉफी देते. तर अशी मी, सगळ्या काउंटीची मढी उकरून देणारी बाई, आणि घरचंच एक मढं मला सापडत नव्हतं.

मामॉची आई झेला. मामॉ सहा वर्षांची असताना, १९४६च्या हिवाळ्यात गेली. आधी घरात बाळ झालं, ते दोन दिवसांत गेलं, आणि झेला बोलेनाशी झाली. मामॉला एवढंच आठवतं की आई रिकामी गोधडी मांडीवर घेऊन चुलीपाशी बसायची आणि कुणी ती काढून घेऊ लागलं तर चावायची. मग बापाने मामॉला आत्याकडे ठेवलं. बर्फ वितळल्यावर घेऊन आला, तेव्हा टेकडीवर आमच्या घरच्या दफनभूमीत मातीचा नवा उंचवटा होता, डोक्याशी एक साधा दगड.

"ती बघ तुझी आई," बाप म्हणाला. "बाळ तिच्या कुशीत दिलंय."

संपलं. त्यावर त्या माणसाने मरेपर्यंत चकार शब्द काढला नाही.

आमच्याकडे मे महिन्यात थडगी सजवायचा रविवार असतो. सगळं गणगोत टेकडीवर जमतं. गवत खरवडायचं, पावसाने बसलेली माती खोऱ्याने ओढून पुन्हा उंचवटा करायचा, फुलं मांडायची, भजनं म्हणायची आणि तिथेच चादरी अंथरून जेवायचं. मामॉचा बाप एनोस दर वर्षी झेलाची माती स्वतःच्या हाताने ओढायचा. दुसऱ्या कुणाला खोरं लावू द्यायचा नाही. लोक म्हणायचे, काय जीव होता हो त्याचा बायकोवर! फुलं मामॉ करायची. अजूनही करते. मार्च उजाडला की स्वयंपाकघराच्या टेबलावर रंगीत क्रेप कागद पसरते, पाकळ्या कातरते, तारेला गुंडाळते आणि पातळ केलेल्या मेणात बुडवून दोरीवर वाळत घालते. मेण घातलं की कागद पावसात टिकतो. आईसाठी नेहमी पिवळी. घरभर मेणाचा वास, आणि ओट्यावर सांडलेलं मेण खरवडत मी.

गेल्या वर्षी तिच्या डोक्यात आलं की आईला नावाचा दगड बसवायचा. "मी जायच्या आत," म्हणाली. "आणि तिच्या शेजारची जागा माझी. हार्लनला सांगून ठेव, नाहीतर तो मला त्याच्या बायकोच्या मर्जीने कुठेही पुरेल."

"तुला मी परसात पुरणार आहे, मामॉ. टोमॅटो चांगले येतील."

"आंबट येतील गं, तुझ्या हातचे."

दगड कोरणाऱ्याने जन्मतारीख लिहून घेतली आणि विचारलं, मृत्यूची? ती कुणालाच ठाऊक नव्हती. मामॉला आठवत होता तो फक्त बर्फ. तेव्हापासून माझ्यामागे तिचा ससेमिरा. मी सेहेचाळीस पाहिलं, सत्तेचाळीस पाहिलं, पंचेचाळीससुद्धा पाहिलं. आमच्या काउंटीत झेला स्टिडम मेलीच नव्हती. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या डोंगरात तेव्हा माणूस आधी पुरायचे आणि नोंद जमली तर करायचे. खाली कचेरीपर्यंत यायला रस्ताच कुठे होता? तारखेशिवाय दगड बसव, असं मी मामॉला सांगितलं.

"तारखेशिवाय कसा गं? तारीख नाही म्हणजे कुणाला पडलेलीच नव्हती असं होतं ना."

मग जानेवारी आला. आमच्या राज्यात मृत्यूचे दाखले पन्नास वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. नव्या वर्षी चौऱ्याहत्तरचे उघडले. मार्चमध्ये ओहायोच्या एका माणसाचा चुलत आजा शोधत मी पलीकडच्या काउंटीची सूची चाळत होते. वेड्यांचं सरकारी इस्पितळ ज्या काउंटीत होतं, ती. बाहेरून येणाऱ्याला मी पहिलं हेच बजावते की बाबा रे, घर जिथे तिथे शोधू नकोस, माणूस जिथे मरतं तिथे त्याची नोंद होते. आमचे लोक हटकून तिथेच चुकतात.

"हे बघ," मी शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या विल्माला म्हटलं, "आणखी एक झेला स्टिडम."

"असतील की. स्टिडम काय, डोंगरात गवतासारखे उगवतात," विल्मा म्हणाली.

मी दाखला उघडला, तो नुसती गंमत म्हणून. जन्म १९१५. बापाचं नाव आयझम ब्रूअर, आईचं लुटिशा, म्हणजे मामॉच्या आजोबा-आजीचीच नावं. मूळ काउंटी आमची. मृत्यू ९ नोव्हेंबर १९७४, न्यूमोनियाने. विधवा. इस्पितळात मुक्काम अठ्ठावीस वर्षं. पुरल्याची जागा, इस्पितळाचं आवार. माहिती देणारा म्हणून कुणा नातेवाइकाचं नाव नव्हतं, तिथे इस्पितळाचं दप्तर असं लिहिलं होतं.

मी ती नावं दोनदा मोठ्याने वाचली. विल्मा म्हणाली, "लोरीन, पाणी देऊ का?" मी म्हटलं, "नको, गप्प बस जरा."

घरी येऊन आधी हार्लनला सांगितलं, धान्याच्या कोठारात, दार लावून. तो पडलेल्या पिपावर बसला.

"तिला सांगू नकोस," म्हणाला. "चौऱ्याऐंशी वर्षांची आहे गं ती. ९ नोव्हेंबर सांग. तारीखच हवी आहे ना तिला? वर्ष आपण सेहेचाळीस टाकू. दगडवाल्याला काय कळतंय?"

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर ते पटलं. किती सोपं होतं! म्हातारी खूश, दगड उभा, मे महिन्यात पिवळी फुलं. मग मला एनोस दिसला, खोरं घेऊन दर वर्षी माती ओढणारा, आणि माझं डोकंच फिरलं.

"तुझ्या आजोबाने हेच केलं, हार्लन! जिवंत बायकोला इस्पितळात ठेवून पोरीला थडगं दाखवलं. तिला सोपं जावं म्हणूनच केलं असेल. वेडी आई म्हटलं तर पोरीशी लग्न कोण करणार, म्हणून केलं असेल. मी नाही करायची."

मामॉ टेबलापाशी पाकळ्या कातरत होती. मी समोर बसले. कसं सांगितलं ते मला आता आठवत नाही, पण सगळं सांगितलं. कागद तिच्यापुढे ठेवला. तिने चष्मा पुसला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली. रडली नाही. मला वाटलं, रडेल तर बरं.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली. "तेव्हा माझा हार्लन शाळेत जात होता."

"हो मामॉ."

"विधवा लिहिलंय. म्हणजे बाबा गेल्याचं तिला कुणीतरी कळवलं." तिने मान वर केली. "कुणीतरी कळवलं की गं, लोरीन. मग मी आहे, हे नाही सांगावंसं वाटलं कुणाला?"

आत्या गेली, बाप गेला, विचारायला कुणी उरलं नव्हतं.

ती पुन्हा कात्रीकडे वळली. एक पाकळी कापली आणि थांबली. "कुठलं इस्पितळ हे? नदीपलीकडचं, विटांचं?"

"तेच. आता बंद आहे."

"मी गेलेय तिथे."

मला कळेना. मग तिने सांगितलं. लग्नानंतर चर्चच्या बायका दर नाताळला बस करून तिथे जायच्या. भजनं म्हणायच्या, आजाऱ्यांना संत्री आणि लोकरी मोजे वाटायच्या. मामॉ सहा-सात नाताळ गेली होती, एकदा तर हार्लनला पोटात घेऊन.

"पुढच्या मोठ्या खोलीत बाया ओळीने बसवलेल्या असायच्या. मी हातात संत्रं द्यायचे, 'नाताळच्या शुभेच्छा, बाई' म्हणायचे, पुढे जायचे. तोंडाकडे बघायचे नाही गं. बघवायचं नाही." तिने कात्री खाली ठेवली. "आणि मागचा एक वॉर्ड होता. तिथून ओरडणं ऐकू यायचं. पाद्रीबाई म्हणायच्या, चला, मागेही जाऊ या, तीही देवाचीच माणसं. त्या जायच्या. मी बसमध्ये जाऊन बसायचे. मला भीती वाटायची."

"मामॉ, ती कुठल्या खोलीत होती ते..."

"पुढे होती तर मी तिला बाई म्हटलं. मागे होती तर मी गेलेच नाही. सांग ना, ह्यातलं कुठलं बरं?"

आणि मग ती रडली. तोंडात बोळा कोंबलेल्या पोरासारखी, आवाज न करता, सगळं अंग हलवत. मेण पातेल्यात जळायला लागलं, ते उतरवायचंही मला सुचलं नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस तिने फुलांना हात लावला नाही. मला वाटलं, संपलं, आता टेकडीवर जाणं बंद. बापाचं नाव तर तिने टाकलंच होतं, "तो" म्हणायची. एके दिवशी सकाळी ती मला म्हणाली, "लोरीन, त्या मातीखाली मग कोण आहे?"

"कुणीच नसेल."

"बाळ आहे. तेवढं तरी तो खोटं बोलला नसेल. बाळ मेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय." तिने चष्मा काढला. "म्हणजे ते एकटंच आहे गं तिथे. इतकी वर्षं. आणि आम्ही त्याला एक फूलसुद्धा त्याचं म्हणून दिलं नाही."

त्या दिवशी तिने पांढरा कागद काढला आणि लहान लहान फुलं केली. हार्लनकरवी दगडवाल्याला फोन लावला. एका दगडावर बाळ लिहायचं. दुसऱ्यावर आईचं नाव आणि तारीख, खाली लिहायचं की ही इथे नाही. "आणि वर्ष नीट कोर म्हणावं," ती फोनपाशी ओरडली. "चौऱ्याहत्तर! लोकांना वाचू दे!" हार्लनने माझ्याकडे पाहिलं नाही. स्वतःच्या जागेबद्दल एवढंच म्हणाली, "माझी तिथेच राहू दे. बाळाजवळ कुणीतरी मोठं माणूस हवं."

मे महिन्याच्या त्या रविवारी टेकडीवर तिने कुणालाच खोरं लावू दिलं नाही. स्वतः ओणवी होऊन हाताने माती ओढली, लहानसा उंचवटा केला, बाळाएवढा. बाकीची माती पसरून टाकली. गणगोत बघत राहिलं. शेजारच्या एनोसच्या थडग्यावर एक फूल नव्हतं. जेवणं व्हायच्या आधीच ती म्हणाली, "हार्लन, गाडी काढ. संत्री घेतलीयत मी."

इस्पितळाच्या आवारात आधी नंबर घातलेले सिमेंटचे ठोकळे होते म्हणे. गवत कापायला अडतात म्हणून कुणीतरी काढून टाकले. आता सपाट हिरवं मैदान, कुठे कोण ते देव जाणे. हार्लन मैदानाच्या कडेला उभा राहून शिव्या देत होता. मी म्हटलं, "मामॉ, इथेच कुठेतरी ठेव संत्री."

तिने मैदानाकडे पाहिलंसुद्धा नाही. वॉकर ढकलत ती विटांच्या इमारतीला वळसा घालून निघाली. पुढच्या मोठ्या दारापाशी ती थांबली नाही. मी मागोमाग. गवत गुडघ्यापर्यंत, वॉकरची चाकं अडकत होती, मी हात द्यायला गेले तर झिडकारला. मागच्या बाजूला त्या ओरडण्याच्या वॉर्डचं दार होतं, फळ्या ठोकलेलं, तीन पायऱ्यांचं. ती पायरीवर बसली. दम खाल्ला. एक संत्रं सोललं, अर्धं पायरीवर ठेवलं, बाकीची पिशवी शेजारी. मग त्या फळ्यांवर तळहात टेकला.

"आई, मी डेल्फिया," ती म्हणाली. "आत आले नाही कधी, कारण मी भ्यायले होते गं."