डबलसीट, मेडनहेड

माझी सून मराइके डच आहे, म्हणजे तिला पाय नाहीत, पेडल आहेत. इंग्लंडात मेडनहेडला मुलाकडे आल्यापासून मी बघतेय, भर पावसात एका हातात छत्री धरून ही सायकलवरून भाजी आणते, खुर्ची आणते, एकदा तर शिडी आणली! शेजारचे गृहस्थ नुसतं दूध आणायला निघाले तरी हेल्मेट, भडक जॅकेट, गॉगल, जणू लढाईवर चाललेत. आणि आमची ही केस मोकळे सोडून, ताठ बसून, शीळ घालत जाते. तिच्या सायकलच्या साखळीवर पूर्ण झाकण आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, ही सायकल कुणीतरी साडीचा विचार करूनच बनवलीय.

शुक्रवारी मायराच्या, म्हणजे माझ्या नातीच्या शाळेत मुलं आपापल्या घरची भाषा बोलून दाखवणार होती. मी तिला चार वाक्यं पढवली होती. पण तिची अट होती, "आजी, तू समोर बसायचं. नाहीतर मी नाही बोलणार." मुलगा पुष्कर कार घेऊन बेसिंगस्टोकच्या ऑफिसात. टॅक्सी मिळेना. शेवटी मराइकेने सायकल काढली, "आई, हॉप ऑन!" म्हणाली आणि निघालीच. थांबेल तर शपथ! तिच्या देशात म्हणे मागच्याने धावत येऊनच बसायचं असतं.

अगं, हे तर आमचं पुण्याचं शिक्षण! पदर खोचला, धावले आणि कॅरिअरवर एका बाजूला टुणकन बसले. साठी गेली खड्ड्यात. मी रस्ताभर खिदळत होते.

राउंडअबाउटपाशी पोलीसबाई दिसल्या. डबलसीट जाताना पोलीस दिसला की मागच्याने गुपचूप उतरायचं, साळसूदपणे चालत पुढे जायचं आणि कोपऱ्यावर पुन्हा बसायचं, हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मी उतरले. बाईंना "गुड मॉर्निंग" केलं. कोपऱ्यावर जाते तो काय, कोपरा रिकामा! मराइकेला हा शिरस्ता कुठून ठाऊक असणार? ती लांबवर चालली होती, माझ्याशी बोलत, हातवारे करत.

"अगं ए!" मी साडी सावरत धावत सुटले. ओठ मिटून उभी असलेली मायरा डोळ्यांपुढे आली.

तेवढ्यात घंटी बडवत मराइके परत आली, चेहरा पांढराफटक. "आई! आय थॉट आय लॉस्ट यू!"

"पोलीस होती ना तिथे!"

"सो?"

"सो काय? चल, आणि थांबू नकोस!"

हॉलमध्ये शिरलो तेव्हा मायरा माइकसमोर गप्प उभी होती. वर्गाच्या बाई तिला परत बसवायच्या बेतात होत्या. मला बघून ती फुलली. "नमस्कार. माझं नाव मायरा. मला..." आणि अडली. माझ्याकडे बघू लागली. माझ्या छातीचा भाता झालेला, तोंडातून एक शब्द फुटेना.

"भाकरी आणि चीज आवडतं!" मागून खणखणीत आवाज आला.

मराइके! जिच्याशी माझं बोलणं चहा-साखरेपलीकडे कधी गेलं नव्हतं, ती.

"शी सेज इट बिहाइंड मी ऑन द बाइक एव्हरी मॉर्निंग," ती माझ्या कानात म्हणाली. मग मायरा पुढची वाक्यं बोलत गेली आणि माझी सून ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर, एकही शब्द न चुकता. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता. मला दम लागला होता तेच बरं झालं, नाहीतर ते वाक्य मीच सांगून टाकलं असतं.